तळ्याचं स्वच्छ पाणी

सावो भागातल्या आमच्या खेड्यात तायमी कोक्कोनेन शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवायची. लांबलांबच्या शेतांवरची पोरं गोळा करून शाळेत पोचवायची, हेच तिचं काम आणि तोच तिचा मान.

सौनात, तळ्याकाठच्या वाफेच्या खोलीत, चष्म्याची काडी तापून कानशिलाला चटके बसत, म्हणून तिनं डोळ्यांत भिंगं घालायला सुरुवात केली. दर शनिवारी नवऱ्याबरोबर, ताउनोबरोबर, घाम काढायचा आणि तशीच तळ्यात उडी मारायची. एकदा भिंग निसटून बोटावर आलं, तर तिनं ते तळ्यातच खंगाळून पुन्हा बसवलं. ज्या पाण्याची आपण कॉफी करतो, त्यात घाण कसली?

पुढच्या आठवड्यात डोळा लाल झाला. उजेड सुईसारखा टोचू लागला. गावच्या डॉक्टरच्या थेंबांनी काही फरक पडेना, तेव्हा ताउनोनं तिला शहरात नेलं.

"पाण्यातला जंतू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शिरलाय," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भिंगं घालून तळ्यात उतरत होता?"

ताउनो उसळला, "आमच्या तळ्याला नावं ठेवू नका! तळाचा गोटा दिसतो!"

"गोटा दिसतो, जंतू दिसत नाही."

"आणि मुलांची गाडी?" तायमीनं विचारलं.

"ते डोळा वाचला तर बघू."

मग रात्रंदिवस थेंब घालणं आलं. ते ताउनोकडे.

"हात काय हलवतोस? गळाला मासा लागलाय का?"

"मासा एवढी कुरकुर करत नाही, बाई."

जंतू मेला, पण पडद्यावर दुधाळ डाग राहिला. मेलेल्या माणसाचा पडदा मिळाला तर बसवू, असं ठरलं. इथं तायमी अडली. पडदा लवकर मिळो म्हणावं, तर ते कुणाचं तरी मरण मागणं झालं. देवापुढे हात जोडून ती नुसतीच बसून राही.

"त्या घरच्यांना बळ दे, एवढंच म्हण," ताउनो म्हणाला. तेवढंच ती म्हणत राहिली.

पडदा मिळाला. शस्त्रक्रिया झाली, टाके हळूहळू निघाले. शेवटच्या तपासणीत तिनं तक्त्यावरची बारीक अक्षरं न अडखळता वाचली.

"चालवा गाडी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भिंगं मात्र कायमची बंद."

बाहेर आल्यावर ताउनो सवयीनं चालकाच्या दाराकडे वळला.

"सरक," तायमी म्हणाली.

तो निमूट शेजारी बसला आणि घर येईपर्यंत दर वळणाला पायानं नसलेला ब्रेक दाबत राहिला.