कुकरमधलं जपानी बदक

२०१८ साल, मी सत्तर वर्षांचा, आखातात अल दुहैलला मुलाकडे राहत होतो. अजूनही सोया सॉसचा खारट-गोड वास आला की तो शुक्रवार आठवतो. सूनबाईनं शेजारच्या जपानी बाईंकडून शिकून बदक केलं होतं आणि त्याच बाई दुपारी जेवायला येणार होत्या. कातडी कुरकुरीत भाजून, आलं-सॉस लावून तिनं ते झाकून ठेवलं नि अंघोळीला गेली. मी सुरीनं कापून बघितलं, तर आत लाल! गावाकडं मी जन्मभर बदकं पाळली, मला कोण शिकवणार? पाहुणीसमोर पोरीची फजिती नको म्हणून मसाला टाकून कुकरच्या पाच शिट्ट्या काढल्या. सूनबाई बाहेर आली नि कुकर बघून रडकुंडीलाच आली. "बाबा, ते लालसरच खातात हो!" "कच्चं?" "कच्चं नाही, तेवढंच शिजवतात!" मला काही उमगेना. बाईंनी मात्र दोनदा वाढून घेतलं. आवडलं, की माझं वय बघून खाल्लं, ते आजही कळलेलं नाही. सूनबाई दिवसभर माझ्याशी बोलली नाही, आणि माफी मागणं मला कधी जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातून बदक आणलं, ओट्यावर ठेवलं आणि म्हणालो, "कर तुझ्या पद्धतीनं. पहिला तुकडा मी खाणार."