क्लचवरचा ठोकळा

चतुराबाईचं पहिलं भांडण झालं ते चिखलावरून.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तिचा नवरा लक्ष्मण खाली मान घालून बसला होता. समोर पाटावर ट्रॅक्टर, जेमतेम दीड वीत लांबीचा. पत्रा कापून, तारा वाकवून, झिजलेल्या स्लिपरच्या रबराची चाकं करून त्यानं तो महिनोन्‌महिने खपून जमवला होता, आणि आता बारीक ब्रशनं चाकांच्या खाचांत तांबडा चिखल भरत होता. चतुराबाई वाळत घातलेली चादर घ्यायला वर आली, वाकून बघितलं आणि तिचं टाळकंच सरकलं.

"काय लावायलात हे?"

"चिखल. जुना दिसायला पायजे ना ट्रॅक्टर."

"कोणत्या सालातला ट्रॅक्टर हाय हा?"

"दुष्काळातला. दादांनी तसंच सांगितलंय."

"मग त्या साली चिखल होता कुठं? अहो, गुरांना चाटायला थेंब नव्हता गावात, आन् तुमच्या ट्रॅक्टरला गुडघाभर चिखल! पुसा ते आधी!"

आता बोला! लक्ष्मणनं मुकाट्यानं फडकं घेतलं. पुसता पुसता एवढंच म्हणाला, "धूळ तरी लावू का?"

"धूळ लावा. लागंल तेवढी लावा."

या माणसाचा जन्म धूळ पुसण्यात गेलेला. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांना रंग द्यायच्या खात्यात तो होता. ट्यूबलाइटच्या झगझगाटात रंगवलेल्या पत्र्यावर डोळे लावून बसायचं आणि मोहरीएवढा कण दिसला तरी माल परत पाठवायचा, हे त्याचं काम. तिथं त्याचा डोळा तयार झाला, आणि 'व्हय साहेब' म्हणायची जीभसुद्धा. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून तो पत्र्याची बैलगाडी, नांगर, मोट असलं काहीबाही करायला लागला. वस्तू अशा हुबेहूब की बघणाऱ्यानं हात लावायला भ्यावं. चतुराबाईला त्याचं कौतुक होतं, पण तोंडावर बोलून दाखवील तर ती चतुराबाई कसली!

ट्रॅक्टर मात्र त्यानं हौसेनं घेतला नव्हता. ते थोरल्या भावाचं, आप्पासाहेबांचं फर्मान होतं. फुलंब्री रस्त्यावरचं त्यांचं गाव शहरानं कधी गिळलं ते कुणाला कळलंच नाही. बाजरीच्या रानात रो-हाऊस उभी राहिली, गुरं पाणी प्यायची त्या जागी गाड्या धुवायचं सेंटर आलं. आप्पासाहेबांनी आधी प्लॉट पाडले आणि आता 'शिवारसुख नगरी' नावाची कॉलनी काढली. कॉलनीला कमान, कमानीपुढं कारंजं, आणि प्यायच्या पाण्याला टँकर! या कॉलनीच्या ऑफिसात काचेच्या पेटीत एक ट्रॅक्टर ठेवायचा होता. कोणता? तर दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात ज्याच्या मागं टँकर जोडून आप्पासाहेबांनी गावाला पाणी पाजलं, तो. खरा ट्रॅक्टर त्यांनीच पुढच्या पावसाळ्यात भंगारात घातला होता. भंगारात घालताना डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि आता कॉलनी विकायची म्हणल्यावर एकदम उमाळा आला. उद्घाटनाच्या दिवशी 'जलदूत आप्पासाहेब' असा सत्कार होणार होता आणि पेटीवरचा पडदा निघणार होता.

जलदूत! हा शब्द कानावर पडला की चतुराबाई भाकरी थापताना परातीत अशी थाप मारायची की शेजारीण विचारायला यायची, काय पडलं म्हणून.

कारण तो ट्रॅक्टर चालवला होता तिनं.

त्या साली ड्रायव्हर पुण्याला बांधकामावर निघून गेला. आप्पासाहेब दिवसभर शहरात, प्लॉटच्या गिऱ्हाइकांमागं. लक्ष्मण पहाटेच्या कंपनीच्या बसनं वाळूजला. ट्रॅक्टर अंगणात उभा, टाकीत डिझेल, डोंगराकडच्या विहिरीला पाणी, आणि वस्तीवरच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दारात. "मग कोन आणतंय पाणी?" शेजारच्या गोजरबाईनं विचारलं. चतुराबाईनं पदर खोचला आणि ती ट्रॅक्टरवर चढली. पहिल्या दिवशी गोठ्याची भिंत पाडली. दुसऱ्या दिवशी वेशीपर्यंत गेली. आठवडाभरात टँकर भरून गावात आला. ती पडली ठेंगणी, पाय क्लचपर्यंत पुरेना, म्हणून तिनं बाभळीचा एक ठोकळा क्लचवर ठेवून सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधला. बसायला पोत्याची जाड घडी. गोजरबाई बाजूच्या मडगार्डवर बसायची आणि पाइप धरायची. पुरुषमाणसं पाराजवळ बसून हसली, आणि मग त्याच टँकरखाली हंडे घेऊन उभी राहिली. सगळा उन्हाळा असा गेला.

मग पेपरवाले आले. त्या दिवशी आप्पासाहेब बरोबर वेळेवर शहरातून उगवले, कडक इस्त्रीचे कपडे, डोक्याला फेटा, आणि थेट सीटवर जाऊन बसले. फोटोवाला चतुराबाईला म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला व्हा." ती बाजूला झाली. गप बाजूला झाली, याचाच तिला आजवर सगळ्यात जास्त संताप होता.

तर, चिखलाच्या भांडणानंतर ती रोज दुपारी गच्चीवर जायला लागली. या माणसानं पुन्हा काही वेडंवाकडं फासू नये म्हणून, असं ती म्हणायची. लक्ष्मणनं पिशोरला एका पाहुण्याच्या दारात पडलेल्या तसल्याच जुन्या ट्रॅक्टरची मापं आणली होती, त्यामुळं सांगाडा बिनचूक होता. पण पोचे आणि ओरखडे पिशोरला कुठले मिळणार? ते चतुराबाईकडं.

"पुढची जाळी डाव्या अंगाला चेपा. गोठ्याची भिंत लागली होती तिला."

"चेपली."

"ह्या मडगार्डचा रंग घासून काढा. गोजरा बसायची तिथं."

"घासला."

"आन् मागं हुकाला तेवढा ओला डाग दाखवा. टँकर गळायचा. बाकी सगळीकडं फुफाटा."

एक दिवस स्वयंपाकघरातून तिचं खडेमीठ गायब झालं. वर जाऊन बघते तर काय! लक्ष्मणनं पत्र्याला आधी गंजासारखा तपकिरी रंग दिला होता, त्यावर पाणी शिंपडून मिठाचे खडे भुरभुरले होते आणि वरून लाल रंग मारला होता. रंग वाळल्यावर त्यानं ओल्या बोटानं मीठ चोळून काढलं. जिथं जिथं खडा होता तिथला लाल पापुद्रा सुटला आणि खालून गंज वर आला. बॉनेटवर दहा-वीस उन्हाळे बघता बघता उतरले. चतुराबाई बघतच राहिली.

"अगं बया!" ती म्हणाली. मग भानावर येऊन म्हणाली, "पण मीठ विचारून न्यायचं!"

धुराड्याला काजळी लावली. फुफाट्यासाठी तिनं जुन्या रानातली माती आणून ओढणीतून चाळून दिली. पायाखालच्या पट्ट्या झिजून चकाकतात तशा दिसाव्यात म्हणून लक्ष्मण त्यांवर पेन्सिलीचं शिसं चोळत होता, तेव्हा ती सहज म्हणाली, "क्लचवर ठोकळा कवा बसवणार?"

"कसला ठोकळा?"

"तुम्हाला ठाऊकच नाय?"

"मी पहाटं जायचो, अंधार पडल्यावर यायचो..."

"ट्रॅक्टर दारातच असायचा. एकदा तरी वाकून बघायचं व्हतं!"

लक्ष्मणनं कपाटातून पेपरात आलेला तो फोटो काढला. दहा वर्षं घरात होता, पण नीट कुणी बघितलाच नव्हता. आप्पासाहेबांचा डावा पाय ठोकळ्यावर टेकलेला, आणि गुडघा पार स्टिअरिंगला भिडलेला. उंच माणूस त्या ठोकळ्यावर पाय ठेवून वेशीपर्यंतसुद्धा जाऊ शकला नसता. दुसऱ्या दिवशी लक्ष्मणनं बाभळीच्या काडीचा नखाएवढा ठोकळा केला आणि फुग्याच्या रबरानं बांधला. त्या दुपारच्या चहात आलं जरा जास्त होतं.

उद्घाटन जवळ आलं तसे आप्पासाहेब बघायला आले. चतुराबाई डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहिली. थोरल्या दिराशी भावजयीनं थेट बोलायचं नाही, ही त्या घरची पद्धत. तिनं नवऱ्याला सांगायचं, नवऱ्यानं भावाला सांगायचं, आणि उत्तर त्याच वाटेनं परत यायचं, मग तिघंही एकाच खोलीत का असेनात. लग्न झाल्यापासून हे असंच चाललेलं.

"लई भारी जमलंय," आप्पासाहेब म्हणाले. "पण गंज लई दिसायलाय. लोक म्हणतील, भंगार चालवत होते. जरा चकाचक कर. आन् हे पायाखाली लाकूड कशाचं?"

"ठोकळा हाय, दादा. होता तसाच केलाय."

"काढून टाक. आन् सीट रिकामी नको. माणूस बसव, फेटा बांधलेला."

दाराआडून आवाज आला, "त्यांना म्हणावं, फेटेवाला बसला होता तो फोटोपुरता."

आप्पासाहेबांचे कान काही बहिरे नव्हते. पण त्यांनी दाराकडं ढुंकून बघितलं नाही. भावाला म्हणाले, "तिला सांग, घरच्या बाईचं नाव गावात चघळलं जाऊ नये म्हणून मी तेव्हा माझं नाव पुढं केलं. तिच्याच भल्यासाठी केलं."

भल्यासाठी! ऐकलंत? माणसानं खावं, पण ज्याचं खाल्लं त्यालाच वर उपकार सांगावेत? आणि दोघांच्या मधे उभा असलेला लक्ष्मण काय म्हणाला?

"बरं, दादा."

गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आत चतुराबाई आत आली. "बरं? कशाचं बरं?"

"थोरले हायत ते. बापाच्या जागी हायत."

"आन् मी कुणाच्या जागी हाय?"

लक्ष्मण ब्रश पुसायला लागला.

"मला शाल नको, नारळ नको, सत्कार तर नकोच नको," ती म्हणाली. "जिथं मी बसले तिथं दुसऱ्या कुणाला बसवू नका. एवढंच मागायलीय मी. त्या साली तुम्ही वाळूजला होता, म्हणून गिळलं. आज तर हितंच उभे होता!"

त्यानंतर ती गच्चीवर गेली नाही, आणि नवऱ्याशी बोललीही नाही. ताट वाढायची, भांडं आपटायची, निघून जायची. सकाळपासून रात्रीपर्यंत जिची टकळी चालायची ती बाई गप बसल्यावर घर खायला उठलं. वरच्या खोलीतून कानशीचा आवाज यायचा. तो ऐकला की तिला वाटायचं, आता ठोकळा निघाला. तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

उद्घाटनाला जायचं नाही असंच तिनं ठरवलं होतं. पण गोजरबाई दारात येऊन बसली, "मला एकटीला कोन ओळखतंय तिथं?" म्हणाली, तेव्हा गेली. मांडव मोठा होता. कारंजं थुईथुई नाचत होतं, आणि त्याच्यामागं टँकर उभा होता, पाइप कारंज्याच्या हौदात सोडलेला. लोकांच्या नळाला आठवडा आठवडा पाणी नाही, आणि इथं हवेत उडवायला टँकर! चतुराबाई पदराआडून फाडफाड बोलली, आणि दोघी मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

भाषणं झाली, शाली झाल्या, आणि लक्ष्मणनं सकाळी झाकूनच आणलेल्या पेटीवरचा पडदा निघाला.

मागून नीट दिसेना म्हणून गोजरबाई उठून पुढं गेली, पेटीवर वाकली आणि तिथूनच ओरडली, "अगं चतुरे, ही तर तू!"

गंज तसाच होता. ठोकळा तसाच होता. सीटवर पोत्याची घडी, तिच्यावर कमरेला पदर खोचलेली ठेंगणी बाई, आणि तिचा डावा पाय ठोकळ्यावर. चतुराबाई कशी उठली आणि कशी पेटीपाशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं नवऱ्याला शोधलं. तो स्टेजच्या कडेला खाली मान घालून उभा होता, आणि घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

मांडवात कुजबुज सुरू झाली. आप्पासाहेबांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. उभी हयात माणसं गुंडाळण्यात गेलेली. त्यांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, हे आमच्या घरचे संस्कार! बाईनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची चोरी होती, त्या काळात मी माझ्या भावजयीला ट्रॅक्टर शिकवला. स्वतः शेजारी बसून शिकवला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काय म्हणावं या माणसाला! बाईला पुसता येईना, तर अख्खी बाईच खिशात घातली. आणि लोक टाळ्या वाजवायलेत! चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा," ती म्हणाली.

गावातली जुनी माणसं दचकली. टाळ्या एकेक करत थांबल्या.

"कवा शिकवलं?" तिनं विचारलं. "कोणत्या दिवशी, कुठं, ते सांगा. मी हितंच उभी हाय."

आप्पासाहेबांनी तिच्याकडं बघितलंच नाही. ते लक्ष्मणकडं वळले, हलक्या आवाजात बोलले, पण माइक चालूच होता आणि सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"लक्ष्मण, तिला सांग, घरी गेल्यावर बोलू म्हणावं."

लक्ष्मणनं मान वर केली.

"तुम्हीच सांगा, दादा," तो म्हणाला. "ती तुमच्याशी बोलायलीय."