मोठ्या आईचा डबा

माझ्या मोठ्या आईने आयुष्यात कोणालाही सुखाने बसू दिलं नाही. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी, आणि तो झालो तिच्यामुळे. वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो. तालुक्याच्या शाळेतून दाखला काढून आई मला नागपूरला घेऊन आली आणि मोठ्या आईच्या शेजारच्या खोलीत आम्ही राहू लागलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिने माझं पांघरूण ओढलं, हातात पुस्तक दिलं आणि मला गल्लीत उभं केलं. "बसून वाचशीन तं झोपशीन. चालता चालता वाच." पुढची सगळी वर्षं मी तसाच शिकलो. परीक्षेत उत्तर आठवेना की बाकाखाली माझे पाय आपोआप चालू लागत. बी.ए.च्या शेवटच्या पेपरला तर पर्यवेक्षकांनी दोनदा जवळ येऊन हळूच विचारलं होतं, "बाहेर जाऊन यायचंय का?"

बसण्याशी तिचं वैरच होतं. ऑटोतून ती एक चौक आधी उतरायची आणि बाकीच्यांनाही उतरवू पाहायची. लग्नात जेवून कोणी भिंतीला टेकलेला दिसला की त्याच्या हातात पाण्याचा जग द्यायची. आमच्या घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची तिने भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवली होती. "पाव्हना आला तं काढू," असं म्हणायची, पण पाहुणे उभ्याउभ्याच चहा पिऊन जायचे. मनीषनगरच्या दोन बंगल्यांत ती भांडी घासायला पायी जायची. एकदा तिथून हसतच परत आली. "त्या बाईनं चालाची मशीन आनली. घंटाभर चालते अन् कोठीच पोचत नाही!" मग म्हणाली, "पन तिले कोनी इचारत नाही, कोठी चालली म्हनून."

आमचं सगळं अडलं होतं ते याच प्रश्नापाशी. आई गांधीबागेच्या कापडबाजारातल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावायची. वस्तीतल्या बऱ्याच बायकांचं काम तेच. सकाळी मांडी घातली की ती मोडायची संध्याकाळी. पुढे आईला शुगर निघाली. रोज अर्धा तास चाला, नाहीतर ही शुगर तुम्हाला आतून पोखरेल, असं डॉक्टरांनी बजावलं. आई एकदाच निघाली. नळापर्यंत जाता जाता चौघींनी विचारलं, "कोठी चालली वं?" आणि ती तिथूनच परतली. "काय सांगू त्याहीले? शुगरले फिराले नेऊन राहिली म्हनू?" आमच्या वस्तीत रिकाम्या हाताने, बिनकामाची चालणारी बाई एक तर वेडी समजली जायची, नाहीतर घरात भांडून निघालेली.

मोठ्या आईने त्या दिवशी आपलं नाव कोरलेला स्टीलचा डबा काढला, त्यात वांग्याची भाजी भरली आणि आईच्या हातात दिला. "जाय वं, नाल्यापाशी टोकाले राह्यते त्या बाईले देऊन ये." आता हातात डबा होता, म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर होतं. आणि शेजारधर्माचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ती टोकाची बाई मुगवड्या भरून एवढं अंतर चालत आली. शुगर तिलाही होती. बघता बघता वस्तीत डझनभर डबे फिरू लागले. कोणाचा डबा कोणाकडे, ते मोठी आई पावलं मोजून ठरवायची. सख्ख्या शेजारणींची जोडी तिला मंजूर नसे. पोरांच्या हाती आलेला डबा ती दारातूनच परत करी. एकीने हौसेने शिरा भरला, तर "शुगरवालीच्या डब्यात शिरा? मारतं काय तिले?" म्हणून त्याच पावली तिला परत पाठवली. आईची शुगर उतरली. डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, "काय व्यायाम करता?" आई म्हणाली, "भाजी पोचवतो."

मग रस्ता रुंद करायला वस्ती उठवली. शहराबाहेर, बेसाच्याही पुढे, चार मजली इमारतींत चिठ्ठ्या टाकून घरं दिली. आम्हाला तळमजला मिळाला, मोठ्या आईला तिसऱ्या इमारतीत चौथा मजला. टोकाची बाई कुठल्या दाराआड गेली, ते कळायलाच दोन महिने लागले. लिफ्ट पहिल्या आठवड्यातच बंद पडली. साड्यांचे गठ्ठे टेम्पोने दाराशी येऊ लागले. मोठी आई एकटीच डबे घेऊन जिने चढत-उतरत राहिली. बायका म्हणायच्या, "भाजीसाठी एवढे माळे कोन चढन वं माय!" शेवटी एक दिवस त्यांनी तिचे डबे एका पोराच्या हाती परत पाठवले. घासूनपुसून, रिकामे. त्यानंतर ती कोणाच्याच दाराशी गेली नाही.

मी तोवर नोकरीसाठी तालुक्याला गेलो होतो. दर रविवारी येऊन आईला म्हणायचो, चालत जा. ती सुईतून नजर न काढता विचारायची, "कोठी?" मी बी.ए. झालेला माणूस, पुढच्या रविवारी येऊन पुन्हा तेच म्हणायचो.

दोन वर्षांत शुगरने आईला नेलं. तेरवीला मोठी आई आली. कोपऱ्यातली ती प्लास्टिकची खुर्ची तिने ओढली आणि तिच्यावर बसली. तिला खुर्चीत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "मी हारली गा बाप्पा," एवढंच ती म्हणाली.

तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही. आईचं स्वयंपाकघर आवरताना मला मोठ्या आईचं नाव कोरलेला एक डबा सापडला. परत जायचा राहून गेलेला. मी तो घेऊन चार मजले चढलो. ती खिडकीशी बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ठेव तेथी." मी डबा ठेवला आणि त्याच्याखाली पत्र ठेवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. त्याला आता चार रविवार झाले. पत्र असं होतं:

ती. मोठ्या आईस शि. सा. न.

तुझा डबा आईकडे राहिला होता. परत करायची पाळी तिची होती, ते राहून गेलं म्हणून मी आणला. आत मुरमुऱ्यांचा चिवडा आहे. मीच केला, मीठ जास्त पडलं आहे.

आता पाळी तुझी. मी दर रविवारी खाली आपल्या घरी असतो. खुर्ची पुन्हा भिंतीला टांगली आहे, त्यामुळे बसायला मिळणार नाही.

डबा रिकामा आणलास तरी मी घेईन. फक्त पोराच्या हाती पाठवू नकोस.