येणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज

जाधवकाका गाडी अनवाणी चालवायचे. दार उघडून आधी चपला काढायच्या, त्या एकावर एक ठेवून शेजारच्या सीटखाली सरकवायच्या आणि मगच किल्ली फिरवायची. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "चपलेला काय कळतंय? पेट्रोल किती जातंय ते तळपायाला कळतं."

आमची ओळख झाली तीही पेट्रोलवरूनच. बडोद्यात समा भागातल्या या सोसायटीत राहायला आलो तेव्हा मी नवी गाडी घेतली होती. पेढे घेऊन समोरच्या दारी गेलो. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "किती देते?" मी म्हटलं, मोजलं नाही. मी स्वतःच्या आईचं नाव विसरलो असेन अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं ऐकलंस का? यांनी गाडी घेतली आणि मोजलंच नाही!" आतून काकूंचा आवाज आला, "सुखी आहेत हो ते. त्यांना बिघडवू नका."

काकांनी मला बिघडवलंच. पुढच्याच रविवारी त्यांच्या गाडीतून मला पंपावर नेलं. ॲव्हरेज काढायचं तर टाकी काठोकाठ भरायची, मनसोक्त फिरायचं, पुन्हा काठोकाठ भरायची, इतकं मलाही माहीत होतं. पण काकांचं काठोकाठ वेगळं होतं. नळी आपोआप बंद झाली की ते खाली उतरत आणि गाडीला धरून गदागदा हलवत. आतली हवा बुडबुडे होऊन वर आली पाहिजे, मग आणखी थोडं पेट्रोल मावतं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी, आणि आत तोंडावर पदर धरून हिंदकळणाऱ्या काकू. पंपवाला हात जोडून म्हणत होता, "काका, बस करो ने हवे!" काकू पुटपुटत होत्या, "अहो, ओळखीचं कुणी बघेल." काका म्हणाले, "बघू दे. त्यांच्या टाकीत हवा आहे, आपल्या टाकीत पेट्रोल आहे."

हे कंजूषपणातून येतं असं मला आधी वाटलं, पण तसं नव्हतं. आल्यागेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारं घर होतं ते. काकांची सगळी नोकरी रिफायनरीत गेली. म्हणायचे, "जिथं ते बनतं तिथं जन्म काढलाय मी. वाया गेलेलं बघवत नाही." आणि त्याही मागे पाणीगेटजवळ राहणारे त्यांचे पणजोबा होते, संस्थानच्या पागेतले. कुठला घोडा किती दाण्यावर किती कोस जातो हे म्हणे त्यांना तोंडपाठ असे. घोडे गेले, पागा गेली, जाधवांच्या घरातली ही खोड तेवढी राहिली. मी गाडी चालवताना जरा ॲक्सिलरेटर दाबला की शेजारून ओरडत, "टाच मारू नकोस! टाच मारू नकोस!"

सिग्नलला उभं राहिलं की काच खाली करून शेजारच्या गाडीवाल्याला विचारायचे, "भाई, एवरेज केटली आपे छे?" आणि आमच्या बडोद्याची माणसं अशी की ती उत्तरही द्यायची. एकदा एक गृहस्थ आपल्या सीएनजीचं कौतुक सांगण्यात इतके रमले की सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला. मागच्या लोकांनी आमच्या तिघांच्याही सात पिढ्यांचा उद्धार केला.

अशा माणसाच्या आयुष्यात हायब्रिड आली. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, ब्रेक मारला की वाया जाणारी शक्ती परत साठवणारी. काका अक्षरशः प्रेमात पडले. पण बाजारात होती ती त्यांना नको होती. तिचं नवं मॉडेल येणार होतं. नवा सांगाडा, हलकी बॅटरी, सगळंच नवं. फोनवर व्हिडिओ बघून ते मला बातम्या द्यायचे. "अठ्ठावीस देणार म्हणतात." काही महिन्यांनी, "तीस नक्की." मग एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना मला गाठून, "बत्तीस. कुणाला बोलू नकोस." गाडी अजून आली नव्हती, पण तिचं ॲव्हरेज दर दिवाळीला वाढत होतं.

या प्रेमप्रकरणात हाल झाले ते काकूंचे. त्यांचे गुडघे गेले होते आणि काकांची जुनी गाडी बुटकी. आत बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणं आणि उतरताना दोन माणसांनी हात धरून ओढायचं. एसी कधीच बंद पडलेला. काकूंची थोरली बहीण बडोद्याजवळच्या सावली गावात राहायची, अंथरुणाला खिळलेली. दर पंधरवड्याला तिच्याकडे जाणाऱ्या काकू हळूहळू जाईनाशा झाल्या. फोनवर बोलायच्या आणि बोलून झालं की बराच वेळ खिडकीत बसायच्या. काकांना हे दिसत नव्हतं असं नाही. ते म्हणायचे, "नवीन येऊ दे. मग रोज जाऊ सावलीला."

एका दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. काकांनी ताजी बातमी दिली की मॉडेल आणखी लांबलं, पण आकडा वाढणार. काकूंनी बशी खाली ठेवली. आवाज मुळीच चढवला नाही.

"अहो, ताई आणि मी, दोघी जुनी मॉडेलं. आम्ही किती थांबायचं?"

दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "चल, शोरूममध्ये नुसतं विचारून येऊ." काकूंनाही घेतलं. तिथं बाजारात होती तीच हायब्रिड उभी होती. काकांनी विक्रेत्याला कोपऱ्यात घेतलं आणि नव्या मॉडेलची आतली बातमी काढायला सुरुवात केली. तो बिचारा म्हणत होता, "काका, कंपनी अमने पण कशुं केती नथी," म्हणजे कंपनी त्यालाही काही सांगत नव्हती. काका ऐकतात कसले! "अरे, पण अंदाजे?"

इतक्यात त्यांचं लक्ष गाडीकडे गेलं. काकूंनी दार उघडलं, उंच सीटवर सहज टेकल्या, पाय आत घेतले. थोडा वेळ बसल्या. मग पाय बाहेर काढले आणि उभ्या राहिल्या. कुणाचा हात न धरता. पर्स खांद्याला लावून त्या गाडीशेजारी उभ्या होत्या आणि गोऱ्यामोऱ्या होऊन हसत होत्या.

काकांचं वाक्य अर्धंच राहिलं. विक्रेत्याला म्हणाले, "हीच लिहा. उभी आहे हीच."

त्यानंतर सावलीचे रविवार पुन्हा सुरू झाले. दोघी बहिणींच्या खूप गप्पा झाल्या, आणि ताई गेल्या तेव्हा काकू त्यांच्या उशाशी होत्या. काका सुधारले म्हणावं तर तसंही नाही. काकू गाडीत असल्या की एसी, काकू उतरल्या की काचा खाली. मी एकदा मुद्दाम विचारलं, "काका, किती देते?" तर चपला सीटखाली सरकवत म्हणाले, "हिला उतरता येतं. बाकी ठीक देते."

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः सिग्नलला.

ते नवं मॉडेल अजून आलेलं नाही. परवा बातमी वाचली की आता पस्तीस अपेक्षित आहे. राहवलं नाही, काकूंना जाऊन सांगितली. त्या हसल्या, मग डोळे पुसले. "बरं झालं रे, आम्ही थांबलो नाही."

काल सावलीला जायला काकूंनी मला बोलावलं. भाच्याकडे सत्यनारायण होता. काकांच्या गाडीत बसताना मी चपला काढल्या. का काढल्या ते ठाऊक नाही. वाटेत पेट्रोल भरलं. नळी बंद झाली, पैसे दिले, मी किल्ली फिरवणार, तोच मागून काकू म्हणाल्या, "अरे, हलव की जरा."

मी अनवाणीच खाली उतरलो. गाडीला दोन्ही हातांनी धरलं आणि रांगेतल्या सगळ्यांच्या देखत गदागदा हलवायला लागलो. आत काकू हिंदकळत होत्या. पदर या वेळी तोंडावर नव्हता.