नंदाराणीचे डोळे

निरापद कुंडू सिनेमाला जायचा तो गोष्टीसाठी नव्हे. कृष्णनगरच्या थिएटरात एकच सिनेमा तीन-तीनदा पाहून यायचा, पण नायक शेवटी जगला की मेला, हे काही त्याला सांगता यायचं नाही. नायिकेच्या गालावर उजेड कुठून आला, एवढं मात्र विचारा. कलकत्त्याच्या फुटपाथवरून आणलेलं परदेशी छायाचित्रांचं एक जाडजूड पुस्तक कायम त्याच्या उशाशी असे. त्यात खिडकीशी बटाटे सोलत बसलेली एक म्हातारी होती. ते पान उघडून तो पूजेला बसल्यासारखा बसायचा.

"त्या म्हातारीशीच लग्न करायचं होतंत," त्याची बायको नंदाराणी म्हणायची. "बटाटे तरी सोलून मिळाले असते."

त्याचा स्टुडिओ बरा चाले. लग्नाच्या मुली, पासपोर्ट आणि मेलेली माणसं. मढं उचलण्याआधी फोटो काढायचा, ही तिकडची रीत. पुष्कळांचा तर जन्मातला तो पहिलाच फोटो. मग श्राद्धात हार घालायला म्हणून त्याच फोटोवर बारीक कुंचल्याने उघडे डोळे रंगवायचे. निरापदचा त्यात हातखंडा होता. "कसे होते हो डोळे?" एवढंच तो घरच्यांना विचारी. ते रडत रडत सांगत, हा रंगवी.

नंदाराणीचा मात्र एकही फोटो नव्हता. लग्नातले दोन होते, ते अठ्ठ्याहत्तरच्या पुरात गेले. दर दुर्गापूजेला नवी साडी नेसून ती समोर उभी राही. "माझा एक काढा की."

"असा टाकाऊ नाही काढायचा तुझा. थंडीत चार वाजता जिन्याच्या खिडकीतून ऊन येतं, तेव्हा काढू."

थंडी यायची. त्या खिडकीशी त्याने तिला किती वेळा बसवलं, पांढरी चादर धरून उजेड वळवला, हनुवटी वर केली, खाली केली, आणि "आज जमत नाही" म्हणून उठवलं. चुलीवरचं करपायचं ते वेगळंच. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

ऐन भाद्रपदात तीन दिवसांच्या तापाने ती गेली. फोटो निरापदनेच काढला. दुसऱ्या कुणाला बोलावणं त्याला सोसलं नसतं. हात जरासुद्धा थरथरला नाही, याची त्याला पुढे फार लाज वाटली.

श्राद्धाच्या आदल्या सकाळी तो फोटो घेऊन बसला. कुंचला ओला केला आणि तसाच राहिला. तिच्या कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, कानामागच्या केसांत ऊन कसं पडायचं, ते त्याला तोंडपाठ होतं. डोळे आठवेनात. मोठे होते की बारीक, काळे की घारे, काहीच आठवेना. तो घाबरला.

मेहुणी मिनती चहा घेऊन आली.

"मिनती, तिचे डोळे कसे होते गं?"

तिला वाटलं, धंद्याची सवय. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"जामाईबाबू, सव्वीस वर्षं समोर होती ना ती तुमच्या?"

"होती."

"मग?"

"मी उजेड बघत होतो."

मिनती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "त्या खिडकीशी बसवलंत ना, की दीदी खूश असायची. मला म्हणायची, फोटो न का निघेना, तेवढा वेळ माणूस माझ्याकडे बघतो तरी."

निरापद रडला, सव्वीस वर्षांत रडला नव्हता इतका. मिनतीने पदराने नाक पुसलं. "मी सांगते, तुम्ही रंगवा. डाव्या बुबुळाशेजारी एक बारीक तीळ होता."

तिळाचं ऐकून त्याने कुंचला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी हार पडला तो मिटल्या डोळ्यांच्या फोटोला. भटजींनी कुरकुर केली. "निरापदबाबू, अख्ख्या गावाच्या माणसांना डोळे रंगवलेत. घरच्या माणसालाच असं ठेवलंत?"

"मी पाहिलेच नाहीत, ठाकुरमशाय," निरापद म्हणाला. "तिचे तरी खोटे नकोत."