सखीरच्या वाळवंटात मापाची सहल

माझ्या हातून आजवर एकच सहल निघाली आणि ती अतिशय यशस्वी झाली. फक्त ती दुसऱ्याच्या तंबूत झाली.

वैशालीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, थोरले भाऊ शिरीषदादा. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुण्यात पायी भटकंत्या काढायला सुरुवात केली. साध्यासुध्या नव्हेत, मापाच्या! तुमचे गुडघे कसे आहेत, दम किती आहे, पक्षी आवडतात की लेणी, हे आधी विचारायचं आणि शिंप्यानं सदरा बेतावा तशी रानातली वाट बेतून द्यायची. धंदा जोरात चालला होता. दादांचा आवाजही त्याच मानाने चढला होता.

गेल्या हिवाळ्यात दादा आणि मीनावहिनी आमच्याकडे बहारीनला आले. मी त्यांना हौसेनं सीफ भागातल्या सगळ्या मॉलमधून फिरवलं. तिसऱ्या मॉलच्या सरकत्या जिन्यावर दादा म्हणाले, "मोहनराव, तुमच्या देशात पायांचा उपयोग काय हो?"

तुमच्या देशात! मी मूळचा साताऱ्याचा, पण इतकी वर्षं ज्या देशाचं पाणी प्यायलो (समुद्राचं असलं, गोडं केलेलं असलं, तरी पाणीच ना!) त्याचा अपमान मला सहन होईना.

"आमच्याकडे डोंगर आहे, दादा. जबल दुखान!"

"नावातच दुखणं आहे," दादा म्हणाले. "पर्वतीएवढा तरी आहे का?"

"येत्या शुक्रवारी बघाच! मीसुद्धा मापाची सहल काढतो. गाईड मी!"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. गाडी रिव्हर्स घेताना मागे भिंत आहे हे मला सांगायचं की नाही, असा विचार करताना ती जशी पाहते, तसं.

मी मापं घेतली. दादांना दगडधोंडे आणि जीवाश्म. वहिनींच्या गुडघ्यांसाठी सपाट वाट. वैशालीला फोटो. आमची कन्या रेवा हिला मोबाइलची रेंज. आणि सगळ्यांसाठी, चालून झाल्यावर, थेट वाळवंटात तंबूतला नाश्ता! थंडीत इथली कुटुंबंच्या कुटुंबं सखीरच्या वाळवंटात तंबू ठोकून राहतात. काही तंबू भाड्यानेही मिळतात. माझ्या ऑफिसातले रत्नागिरीचे नियाझभाई अशा एका तंबूवाल्याला ओळखत होते. "मी स्वतः पुढे जाऊन अंडी तळतो," ते म्हणाले. "सोपं आहे. पांढरा तंबू, वर बहारीनचा झेंडा, बाजूला जनरेटर. चुकूच शकत नाहीस!"

आदल्या शनिवारी मी एकटा जाऊन वाट पाहून आलो होतो. वळणावळणावर खुणेसाठी दगडांच्या ढिगाऱ्या रचल्या होत्या. स्वतःवर इतका खूश होतो की घरी येऊन शिट्टी वाजवत भांडी घासली.

शुक्रवारी सकाळी जबल दुखानच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला गाडी लावून आम्ही निघालो. दादांच्या दोन्ही हातांत ट्रेकिंगच्या काठ्या, डोक्यावर टोपी, पाठीवर अशी सॅक की जणू डोंगर सर करून पलीकडच्या देशात उतरायचं आहे. मी हात पसरून म्हटलं, "हे पहा! लाखो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. आणि वाळूतला हा माग बघा. रानटी उंटाचा!"

दादा खाली वाकले. "उंटाला टायर असतात का हो?"

मी पुढचा विषय घेतला.

पहिली ढिगारी सापडली. दुसरी सापडली. तिसऱ्या वळणावर मात्र ढिगाऱ्याच ढिगाऱ्या! तंबू ठोकणारे लोकही आपली जागा दगड रचूनच राखून ठेवतात, ही माहिती माझ्या अभ्यासातून निसटली होती. आठवड्याभरात माझ्या चार ढिगाऱ्यांना शेकडो भावंडं झाली होती.

"डावीकडे," मी ठामपणे म्हणालो. (ठामपणा हा गाईडचा निम्मा पगार, हे दादांचंच वाक्य.) मग उजवीकडे. मग तेलाच्या पाइपलाइनच्या कडेकडेने. मग त्याच पाइपलाइनच्या दुसऱ्या कडेने. वहिनी मध्येच थांबून गुडघा चोळायला लागल्या. गंमत गेली खड्ड्यात; एवढ्या उघड्या माळावर या बाईंना मी चालवत आणलं होतं आणि गाडी कुठल्या दिशेला राहिली, हे मला माहीत नव्हतं.

"बाबा, आर वी लॉस्ट?" रेवानं विचारलं.

"अजिबात नाही!" मी म्हणालो, आणि टेकाड ओलांडताच साक्षात दिसला! पांढरा तंबू! वर झेंडा! बाजूला जनरेटर!

(त्याच्या पलीकडे तसेच आणखी बरेच तंबू दिसत होते. पण तहानलेला माणूस विहिरी मोजत बसत नाही.)

छाती काढून मी आत शिरलो. गालिच्यावर लोडाला टेकून पांढऱ्या झग्यातला एक दाढीवाला गृहस्थ बसला होता. तो लगबगीनं उठला.

"रिझर्व्हेशन!" मी म्हणालो. "फाइव्ह पीपल! नियाझ!"

तो क्षणभर बघत राहिला. मग वहिनींच्या लंगडण्याकडे त्याची नजर गेली, आणि हात छातीवर ठेवून तो म्हणाला, "अहलन, अहलन! तफद्दल! आओ, बैठो!"

"सर्व्हिस चांगली दिसते," दादा पुटपुटले. कान तृप्त झाले माझे!

पाणी आलं, खजूर आले, खुब्जची गरम रोटी आली, चहा आला. मग एका मोठ्या ताटात गोड शेवया आणि त्यांच्यावर पांघरलेलं आम्लेट! साखरेच्या शेवयांवर मिठाचं अंडं! मी हात वर करून हाक मारली, "सदीक!" (सदीक म्हणजे मित्र. पण आम्ही लोक तो शब्द 'ओ, वेटर'च्या सुरात वापरतो.) "सदीक, आम्लेट अलग प्लेट में लाओ! और चाय में शक्कर बहुत जास्ती है. दुसरा लाओ! यल्ला, जल्दी!"

गृहस्थ मान डोलावून गेला आणि दुसरं आम्लेट घेऊन आला. मी दादांकडे असं पाहिलं की, बघा, असं काम करून घ्यावं लागतं!

तेवढ्यात आतल्या पडद्यामागून एक आजीबाई आल्या. त्यांनी वहिनींना मिठी मारली, पायांखाली उशी सरकवली आणि वाटीतलं कोमट तेल घेऊन त्यांच्या गुडघ्यांना चोळायला सुरुवात केली! वहिनींनी डोळेच मिटले.

"हेही पॅकेजमध्ये?" दादांनी विचारलं.

मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं. पण मी म्हणालो, "मापाची सहल, दादा! गुडघ्यांचं माप मी आधीच कळवलं होतं!"

"बाबा, आय डोन्ट थिंक..." रेवा म्हणाली.

"नंतर!" मी म्हणालो.

"अहो, जरा ऐका..." वैशाली म्हणाली.

"नंतर, म्हटलं ना!"

आणि फोन वाजला. नियाझभाई. "अरे मोहन, आहेस कुठे तू? इथे अंडी थंडगार पडली!"

"इथे म्हणजे कुठे?"

"तंबूत!"

"मग मी कुठे आहे?"

नियाझभाई म्हणाले, "ते मी कसं सांगू, बाबा?"

मी उठलो तो पायांत पाय अडकतच बाहेर आलो. मागोमाग तो गृहस्थही आला. मी हात जोडले. "सॉरी! बहुत सॉरी! मेरा तंबू ये नहीं! ये हॉटेल मफी, नहीं!"

"मालूम है," तो हसून म्हणाला. "ये मेरा घर का खेमा है. मेरा नाम अबू खालिद."

"फिर आप बोला क्यों नहीं?"

"मेहमान आया, थका हुआ आया, बूढ़ी बहन का पाँव में दर्द है. पहले खाना देगा, या पहले पूछेगा तुम कौन?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. (वाळू होती, सोयीचं होतं.) "और मैं ने चाय को नाम रखा..."

अबू खालिदनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चाय मेरा अम्मा बनाता है. शक्कर बहुत जास्ती, सब को मालूम. डर से कोई नहीं बोलता. आज तुम बोला, अम्मा ने शक्कर कम किया. मेरा पूरा फॅमिली तुम को शुक्रान बोलता है!"

आता कबुली देणं भाग होतं. शिरीषदादांपुढे! मी आत गेलो, घसा खाकरला. "दादा, एक सांगायचं होतं. हा तंबू..."

"आपला नाही," दादा म्हणाले. "बसा. त्या माउली अजून चहा आणतायत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, भाड्याच्या तंबूत पोरांची दप्तरं असतात का? आत आलो आणि लगेच कळलं. पण तुम्ही इतक्या रुबाबात आम्लेट मागवलंत की म्हटलं, मोहनरावांचा मूड घालवू नये."

"मला तर मिठीतच कळलं," वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या. "पैसे घेणारं माणूस असं कवटाळतं का?"

वैशाली म्हणाली, "तुम्ही 'सदीक' म्हणून ओरडत होतात आणि मी मागून त्या गृहस्थांपुढे कान पकडत होते."

"आय ट्राइड टू टेल यू, बाबा," रेवा म्हणाली. "ट्वाइस!"

नंतर अबू खालिदनं आम्हाला आपल्या गाडीतून आमच्या गाडीपर्यंत पोचवलं. वहिनींच्या मांडीवर खजुरांचा डबा होता, आणि नियाझभाईंच्या तंबूत थांबून तिथल्या थंड अंड्यांना आम्ही वाटेतच न्याय दिला. आमच्या गाडीतून घरी परतताना दादांनी डब्यातला एक खजूर उचलला. मग म्हणाले, "मोहनराव, सह्याद्रीत मी लोकांना पाहिजे ते दाखवतो. पण असं आदरातिथ्य मला बेतता येणार नाही. मानलं तुमच्या देशाला!"

तुमच्या देशाला! या वेळी ते दोन शब्द ऐकून माझी मान अशी ताठ झाली की वैशालीला ओरडावं लागलं, "अहो, समोर बघून चालवा!"

अजूनही कोणी विचारलं तर मी अभिमानानं सांगतो की, माझ्या सहलीत एकही पाहुणा हरवला नाही. आपण कुठे आहोत हे प्रत्येकाला नीट ठाऊक होतं. त्या तंबूत वाट चुकलेला माणूस एकच होता, आणि तो गाईड होता!