गाडीवरची माझी जागा

काल गोठ्यात भिजलेल्या सरकीचा वास आला आणि अकोल्याच्या शाळेतील माझे शेवटचे वर्ष आठवले. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी रोज सकाळी लहानांना पाढे शिकवावेत, असा शाळेचा नियम होता. जो हे चुकवेल, त्याला परीक्षेस बसता येत नसे. त्या वर्षी कापसाला कधी नव्हे एवढा भाव आल्यामुळे मुले शेतीच्या कामाला लागली आणि आमच्या वर्गात तिघेच उरले होते.

एके सकाळी बाबा कापसाने भरलेली बैलगाडी घेऊन शाळेच्या दाराशी आले. "चाल, कापसावर बसाले कोनी नाही," ते म्हणाले.

मी उठलो, तशी लहान मुलेही उभी राहिली. "गुर्जी, तेराचा पाढा अर्धाच राह्यला," एक जण म्हणाला.

बाबा दारातच थांबले आणि त्यांनी तो पाढा शेवटपर्यंत ऐकला. "कावून रे, हे पोट्टे तुले गुर्जी म्हनतात?" त्यांनी विचारले. मी होकारार्थी मान हलवली.

"मंग बस तू. तुये पोट्टे खोळंबतीन."

तेव्हा मला परीक्षा न हुकल्याचाच आनंद झाला. आज मात्र दिसतात ते एका हाताने बैल आवरणारे आणि दुसऱ्या हाताने मागचा घसरता कापूस दाबून धरणारे बाबा.